झाडांना चहा पाजणाऱ्या बाई

आमच्या घरमालकीणबाई दार उघडताना "कोण आहे?" असं कधी विचारत नसत. दार उघडायच्या आणि म्हणायच्या, "बोला." बोलणं संपलं की "येते" नाही, "अच्छा" नाही, "ठेवते" म्हणून सरळ चालू लागायच्या. समोर उभ्या असलेल्या माणसालासुद्धा "ठेवते." पहिल्यांदा ऐकणारा त्यांच्या हातात काही आहे का ते बघायचा. उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुंबई, अलिबाग, उरणच्या लाइनी जोडण्यात घालवली होती. ती एक्स्चेंजं गेली, ते ट्रंक कॉल गेले, बाईंची ड्यूटी मात्र संपली नव्हती.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती त्यांचं घर नको म्हणायला. नवीन पनवेलमधल्या त्यांच्या रो-हाउसचा वरचा मजला भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून गेले, आणि फाटकातून आत शिरताच उभा जिना दिसला.

"माझ्या वडिलांना चालता येत नाही," मी म्हटलं. "उजव्या अंगावरून वारं गेलंय. त्यांना जिना नाही जमायचा. उगाच त्रास दिला तुम्हाला."

"बोलतात?"

"नाही. वाचा गेलीय."

"ऐकू येतं?"

"येतं. समजतंही सगळं, असं डॉक्टर म्हणतात."

"होल्ड करा," म्हणून बाई आत गेल्या. मला वाटलं, पाणी आणायला गेल्या. पण आतून हाक आली, "ही खोली बघून घे. खिडकी मागच्या अंगणात उघडते. पलंग या भिंतीला बसेल."

ती त्यांची स्वतःची झोपायची खोली होती.

"आणि तुम्ही?"

"मी वर जाते. वर वारा चांगला येतो."

"अहो, पण तुमचे गुडघे..." भिंतीचा आधार घेत त्या कशा चालत होत्या ते मी पाहिलं होतं.

"गुडघे माझे आहेत. भाड्यात धरलेले नाहीत. ठेवते."

आठवड्याभरात त्यांचं कपाट, गादी आणि देव वर गेले आणि आम्ही दोघं खाली राहायला आलो. या अदलाबदलीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मी काढला की त्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागत.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा शाळेत गणित शिकवायचे. दणदणीत आवाज. त्यांचा तास चालू असला की शेजारच्या वर्गालाही आपोआप गणित यायचं, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. रोडपालीला मी एक फ्लॅट बुक केला होता, पण ताबा मिळायला वेळ होता, आणि मधेच एका सकाळी दात घासता घासता बाबा खाली कोसळले. जीव वाचला. शब्द मात्र गेले. काही सांगायला तोंड उघडायचे, गळ्यातून नुसता घरघर आवाज यायचा, मग आम्ही भोवतीचे सगळे घाईघाईने अंदाज बांधायचो. पाणी का? पंखा का? दुखतंय का? शेवटी त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. वाचेचे उपचार करणाऱ्या ताई घरी आल्या, तर बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवणही दोन घासांवर आलं.

दिवसभर त्यांच्यापाशी सुगंधा असायची. जवळच्याच गावची, पन्नाशीची, कडक. मी बेलापूरच्या ऑफिसातून आले की दारातच अहवाल द्यायची, "आज पन नाय जेवला बाबा. मी केवढं सांगते, पन आयकतच नाय. भिंतीत काय हाय कुनाला ठाव."

बाईंचं लक्ष मात्र त्या वेळी बाबांपेक्षा मातीकडे होतं. निदान मला तसं वाटायचं. मागचं अंगण हा त्यांचा प्राण होता. पपई, शेवगा, कढीपत्ता, कुंडीतल्या मिरच्या, कुंपणावर गोकर्ण. आदल्या वर्षी शेजारचं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा त्याच्या विटा-गिलाव्याचा राबिट, सिमेंट, रंगाचं पाणी सगळं या अंगणात आलं होतं. राबिट उचलला, पण माती दगडासारखी झाली. पपई पिवळी पडली, मिरच्यांची पानं मुडपली. बाई सकाळी ढेकूळ उचलायच्या, फोडायच्या, नाकाशी न्यायच्या. "वासच नाही," म्हणायच्या. "मातीला वास नाही म्हणजे आत कोणी राहत नाही."

मग कधीतरी मोबाइलवर त्यांनी कुणाला तरी खताचं पाणी बनवताना पाहिलं. चांगलं कुजलेलं कंपोस्ट कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडायचं, चमचाभर काकवी घालायची आणि पाण्यातून सतत हवा सोडत राहायची. खतातले जिवाणू पाण्यात उतरतात, गोड आणि हवा मिळाली की वाढतात. दुसऱ्या दिवशी ते पाणी मुळाशी ओतलं की जमिनीत जाऊन कामाला लागतात. बाईंनी त्याला नाव दिलं झाडांचा चहा.

"मानसांना दूध पुरत नाय, आनि तुमी झाडांना चा पाजनार?" सुगंधाने विचारलं.

"बिनदुधाचा," बाई म्हणाल्या.

आधी तयार यंत्र घ्यायचं ठरलं. बाईंनी विकणाऱ्यांचे नंबर शोधून एकेकाला फोन लावले. फोन हा त्यांचा प्रांत. मी कपडे वाळत घालताना वरून संभाषण ऐकू यायचं. "मला गाणं ऐकवू नका, माणूस द्या." मग, "तुमचा पंप किती हवा टाकतो? माहीत नाही? मग ज्याला माहीत आहे त्याला द्या." आणि, "बाळा, तू वाचून दाखवतोयस. ते मीही वाचलंय. तू कधी बनवलायस का हा चहा?" बनवलेला कुणीच भेटला नाही. कुणाचा ड्रम फार मोठा, कुणाचा पंप बिघडला तर दुरुस्तीला दिल्लीला पाठवावा लागणार. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "आपणच बांधायचा."

पहिला प्रयोग बादली आणि काठीचा. हवा मिसळावी म्हणून बाई येता-जाता ढवळत होत्या. दुसऱ्या दिवशी बादलीला असा वास सुटला की शेजारच्यांनी गटार तुंबलं म्हणून माणूस बोलावला. बाईंनी ते पाणी ओतून दिलं. वासाच्या बाबतीत त्या कडक होत्या. पावसाळी रानासारखा गोडूस वास आला तरच झाडाला, नाहीतर मोरीत. "हवा कमी पडली," त्या म्हणाल्या. "आतली मंडळी गुदमरली."

पंपासाठी मला सोबत घेऊन त्या पनवेलच्या बाजारात शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. काचेच्या टाक्यांच्या मधोमध म्हातारे दुकानदार बसले होते, डोक्याला जाळीची टोपी.

"आपा, टाकी केवढी?"

"टाकी नाही, ड्रम आहे. पाण्याचा."

"मासे कोणते?"

"एकही नाही."

"मग हवा कुणाला द्यायचीय?"

"जिवाणूंना. जंतूंना."

"या अल्ला," ते म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, आपांना सांभाळून ने. पण बाईंनी सगळं समजावून सांगितल्यावर त्यांना त्यात रस आला. टाकीचा छोटा पंप कामाचा नाही, मोठा घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात शिरेल. हेही त्यांनीच सांगितलं. निघताना म्हणाले, "आपा, तुमचे मेहमान जगले की कळवा."

निळा ड्रम आला. तळाशी भोकं पाडलेल्या नळीचं कडं बसवलं. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून पाणी आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवायचं ठरलं. आणि हे सगळं बाईंनी मांडलं ते नळापासून लांब, वर जाणाऱ्या जिन्यापासून लांब, नेमकं बाबांच्या खिडकीसमोर.

"इथे का?" मी विचारलं. पंपाची घरघर दिवसभर चालणार होती. आजारी माणसाच्या उशाशी.

"लक्ष ठेवायला इथे माणूस आहे," बाई म्हणाल्या. मग खिडकीतून आत वाकून खणखणीत आवाजात, खराब लाइनवर बोलावं तसं, त्या बाबांना म्हणाल्या, "मास्तर! वीज गेली, पंप बंद पडला, बुडबुडे थांबले, की मला कळवायचं. माझं वर लक्ष राहत नाही. ही तुमची ड्यूटी."

त्यांनी सायकलची घंटी आणून बाबांच्या पलंगाला, डाव्या हाताशी, स्क्रूने आवळून बसवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुढे काय झालं ते मी विसरणं शक्य नाही. मंगळवार होता; आमच्याकडे मंगळवारी बऱ्याचदा वीज जाते. मी रजेवर, घरीच, स्वयंपाकघरात होते. पंपाचा आवाज थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. बाईंनी खाली येऊन ड्रमचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि ताडताड बाबांच्या खोलीत आल्या.

"ड्यूटीवर झोपलात?"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"तुमच्याशी बोलतेय मी, मास्तर. घंटी हाताशी आहे. डावा हात धड आहे. डोळे धड आहेत. एवढं एक काम होतं. वर्गात असं कुणी केलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

मी धावत गेले. एवढा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. "बाई, पुरे! आजारी माणूस आहे तो. तुमच्या ड्रमसाठी तुम्ही त्यांना..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझा दंड धरला आणि मला पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला नेऊन उभं केलं. "तोंड बघ त्यांचं," हळू आवाजात म्हणाल्या.

बाबांचं तोंड लाल झालं होतं. डोळे मोठे झाले होते. डाव्या हाताची मूठ वळली होती. बाबा संतापले होते. आजारपण आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मला दमलेपणा दिसला होता, लाज दिसली होती. राग दिसला नव्हता. त्यांच्यावर कुणी रागावलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं हळू, गोड बोलत होतो.

"आहेत आत," बाई म्हणाल्या. "ठेवते."

त्या रात्री बाबांनी पूर्ण वाटी भात खाल्ला. पुढच्या खेपेला वीज गेली तेव्हा पंपाची घरघर थांबते न थांबते तोच घंटी अशी वाजली की वरून बाई आणि रस्त्यावरून भाजीवाला, दोघंही आले. बाईंनी इन्व्हर्टरची वायर जोडली, झाकण उघडून बुडबुडे पाहिले आणि खिडकीशी जाऊन एवढंच म्हणाल्या, "थँक्यू, मास्तर." बाबांनी मान फिरवली. पण या वेळी ती भिंतीकडे फिरवली नाही.

त्यानंतर पलंगाची दिशाच बदलली. सुगंधा आणि मी मिळून तो खिडकीकडे वळवला. बाबा उशांना टेकून बसायला लागले आणि ड्रमवर असा पहारा ठेवायला लागले की मांजरसुद्धा जवळ फिरकेना.

आणि मग काकवीचा दिवस. बाईंना वाटलं, चमचाभर काकवीने एवढे जिवाणू वाढतात तर वाटीभर घातली तर काय होईल. झालं ते असं की दुपारी ड्रममधून फेस वर आला. आधी झाकण उचललं गेलं, मग तपकिरी फेस कडेवरून उतरला, फरशीवर पसरला आणि वाढत वाढत बाबांच्या खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आला. घंटी वाजत सुटली. सुगंधा ओरडली, "बाई! भूत निघालाय ड्रमातनं!" शनिवार असल्याने मीही घरीच होते. बाई गुडघे सांभाळत जिना उतरून आल्या आणि गडबडीत पंपाची चावी उलट्या बाजूला फिरवली. हवा आणखी जोरात. फेस आता कट्ट्यावरून आत येऊन बाबांच्या चादरीवर पडला.

"गाढवा!"

खोलीत तो आवाज दुमदुमला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, माझ्या लहानपणीचा आवाज.

"गाढवा! बंद!"

बाईंचा हात चावीवर तसाच राहिला. फेस त्यांच्या कोपरापर्यंत आला होता. मी सुगंधाकडे पाहिलं, सुगंधाने माझ्याकडे. बाबा स्वतःच दचकले होते. तोंड उघडं, डोळे गोल.

"आवाज स्पष्ट येतोय, मास्तर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चावी नीट बंद केली आणि फेसातच खाली बसून हसायला लागल्या. आणि बाबाही हसले. तोंडाची एकच बाजू वर जाणारं, वाकडं, घोगरं हसू. मी चादर काढायचं निमित्त करून तोंड त्यात लपवलं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. आयुष्यभर हजारदा उच्चारलेला शब्द कधी कधी आधी वाट काढतो. पुढचे काही आठवडे आमच्याकडे तोच एक शब्द होता. मीठ कमी असलं की, गाढवा. पंखा हवा असला की, गाढवा. सुगंधा आली की प्रेमाने, गाढवा. सुगंधा म्हणायची, "माज्या नवऱ्याने म्हनला असता तर दाखवला असता त्याला. पन बाबा म्हनतो तेव्हा बरा वाटतं." वाचेच्या ताई पुन्हा यायला लागल्या, आणि या वेळी बाबा त्यांच्यासमोर नीट बसले. खरी मेहनत त्या ताईंची आणि बाबांची. बाईंनी काही चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. पण दुपारी चहा ढवळताना बाई खिडकीशी स्टूल टाकून बसत आणि विचारत, "मास्तर, काकवी किती?" आणि थांबत.

थांबणं हे त्यांच्याकडून शिकावं. बाबा शब्द शोधायचे, सापडायचा नाही, घाम यायचा, मला राहवायचं नाही आणि मी म्हणून टाकायचे, "दोन चमचे ना बाबा?" बाईंनी एकदा मला बाजूला घेतलं. "उरणजवळच्या मोऱ्याच्या जेटीवरून फोन यायचे आमच्याकडे," म्हणाल्या. "समुद्राचा वारा सुटला की लाइन नुसती खरखरायची. पलीकडे माणूस आहे एवढंच कळायचं. तेव्हा ऑपरेटरने एकच करायचं असतं. कट करायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही. मध्ये बोललं की पलीकडचा गप्प बसतो. तू मध्ये बोलतेस."

त्यानंतर मी तोंड मिटायला शिकले. "दोन" यायला कधी कधी अर्धा कप चहा संपायचा. पण यायचा.

चहा जमायला लागला. फेसावर खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले की तो बसतो, हे कळलं. दर खेपेला ड्रम आणि नळी घासून पुसून लख्ख करायची, हा नियम झाला. बाईंची सकाळ त्यातच जायची. मिरच्यांना नवी पालवी आली. पपई मात्र वाचली नाही. बाईंनी ती स्वतः कापली, आणि तिच्या जागी नवं रोप लावताना खड्ड्यातली मूठभर माती आणून बाबांच्या नाकाशी धरली. बाबांनी श्वास घेतला. "आहेत," ते म्हणाले. "आत. आहेत." बाईंनी त्याच दिवशी माशांच्या दुकानात फोन करून दुकानदारांना सांगितलं की, मेहमान जगले.

आभार मानायला गेलं की त्या हाताने माशी वारल्यासारखं करायच्या. एका दिवाळीला मी साडी नेली. "ही कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. खोलीबद्दल, गुडघ्यांबद्दल, त्या ओरडण्याबद्दल? त्या, नेहमीप्रमाणे, थांबून राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, "बाबांबद्दल." त्यांनी साडी उलगडून पदर पाहिला. "रंग चांगला आहे," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते की नाही ते त्यांच्या चष्म्यामुळे मला दिसलं नाही.

यंदा रोडपालीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. लिफ्ट आहे, आणि आता काठीच्या आधाराने चार पावलं टाकणाऱ्या बाबांसाठी न्हाणीघरात दांडे बसवून घेतले होते. जायला हवंच होतं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाल्कनी कुठल्या बाजूला?" पूर्वेला आहे कळल्यावर त्या उठल्याच. माशांच्या त्याच दुकानात जाऊन छोटा पंप घेतला, रंगाची एक झाकणवाली बादली धुऊन घेतली, झाकणाला नळीपुरतं भोक पाडलं. कुंड्यांपुरता चहा होईल एवढं ते यंत्र. निघायच्या दिवशी सकाळी टेंपोत सामान चढत होतं आणि बाई बाबांच्या खुर्चीशी बसून त्यांना सगळं सांगत होत्या. पंप उंचावर. पाणी आदल्या दिवशी. काकवी अर्धा चमचा, जास्त नाही, फ्लॅटमधले लोक फेसाला घाबरतात. वास बघितल्याशिवाय ओतायचा नाही. त्या थांबतच नव्हत्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

बाबांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

बाई बोलायच्या थांबल्या. बाबांच्या ओठांची हालचाल सुरू झाली. मी भांड्यांची पिशवी घेऊन दारात उभी होते, सुगंधा माझ्यामागे. टेंपोवाल्याने हॉर्न दिला; सुगंधाने त्याला हात दाखवला.

"तुम्ही," बाबा म्हणाले. बराच वेळ गेला. "पण." मग मान खाली घालून, ओझं उचलावं तसं, "चला."

आजारपणानंतर बाबांनी जोडलेलं ते पहिलं वाक्य. ज्या बाईंना फोनवरच्या गाण्यालाही उत्तर देता यायचं, त्या नुसत्या उठल्या. कठड्याला धरून एकेक पायरी वर गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतलं. पण थोड्या वेळाने त्या खाली आल्या त्या कॅनव्हासचे बूट घालून, खांद्याला पर्स अडकवून. टेंपोच्या पुढच्या सीटवर चढल्या, बादली मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "बोला. निघायचं ना?"

दिवसभर त्या आमच्याकडे राहिल्या. स्वयंपाकघर लावलं, बाल्कनीत बादलीची जागा ठरवली, खालच्या वॉचमनला दोनदा फोन केला. संध्याकाळी मी त्यांना सोडायला निघाले, तर बाबा काठी घेऊन दारात उभे. दवाखान्याशिवाय ते कुठे गेले नव्हते. त्यांना कुणी नको म्हटलं नाही. रिक्षात बाबा एका कडेला, मी दुसऱ्या, मध्ये बाई, असे आम्ही कळंबोलीच्या सर्कलवरून नवीन पनवेलला आलो. फाटकाशी बाई उतरल्या आणि जिना चढायला लागल्या. रिक्षावाल्याने गाडी वळवायला घेतली.

"थांब," बाबा म्हणाले.

वरच्या खोलीत दिवा लागेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.